पंखा आपोआप सुरू झाला नव्हता

सीनू, तुझं रक्त त्यांनी त्याच दुपारी पुसून काढलं. तुझ्या चपला आणायला मी दुकानात गेलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर फिनेलचा वास होता. ज्या खोलीत तू मेलास तिच्या दाराला नवंकोरं कुलूप लागलं होतं. आणि त्या दाराच्या अगदी जवळ ओरत्तनाडूहून आलेली मंडळी मुहूर्ताची साडी पसरून, जर खरी की खोटी ते नखानं खरवडून बघत होती. मला त्या साडीला काडी लावावीशी वाटली. साडीला, आरशांना, गाद्यांना, सगळ्या मजल्याला. मी खाली वाकलो, तुझ्या चपला उचलल्या आणि जिना उतरलो. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता.

दुसऱ्या दिवशीच्या तमिळ पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. रेशमी कापडाच्या दुकानात गार हवेचा ऑटोमॅटिक पंखा दुरुस्तीच्या वेळी आपोआप सुरू झाला, त्यात सापडून तंत्रज्ञ दगावला. तुझं नावही चुकीचं छापलं होतं; ते मी सोडून देतो. पंखा आपोआप सुरू झाला, हे मात्र सोडणार नाही. आपल्या गावातल्या मालकांना तू इतकी वर्षं एकच गोष्ट समजावत फिरलास, की यंत्राला नीट शिकवलं तर ते माणसापेक्षा कमी वीज खातं आणि माणसासारखं बिथरत नाही. त्या चार ओळींनी गावाला सांगितलं की यंत्र माणूस खातं आणि त्यात हात घालणारा मूर्ख होता. आठवडा संपायच्या आत बायपासवरच्या इस्पितळानं तुझी यंत्रणा बंद करून पंखे हातानं चालवायला घेतले. कल्याण मंडपमच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, मॅनेजरनं तुझ्या पॅनलवर चादर टाकली, मेलेल्या माणसावर टाकतात तशी. तू एकदा मेलास. तुझं काम ते रोज थोडं थोडं मारताहेत.

हे मी मराठीत लिहितोय, जे तुला बोलता यायचं पण वाचता आलं नसतं. तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी लोकांच्या वार्षिक अंकात मी काही लिहिलं की तू माझ्याकडून वाचून घ्यायचास, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, आणि मध्येच म्हणायचास, "हे कुठल्या गावचं मराठी, भाऊजी? आमच्या घरात असं कोणी बोलत नाही." मग तुझी अक्का, म्हणजे माझी बायको सरोजा, आतून ओरडायची, "तुझ्या घरात कोणी धड बोलतं का? अर्धं तमिळ, अर्धं भांडण!" आता वाचून दाखवायला उंबरा आहे, तू नाहीस. तरी तुझ्याशीच बोलतोय. दुसऱ्या कोणाशी बोललो की माझा हात उठतो.

साखर कारखान्यात हिशेब तपासण्यात माझी उमर गेली. आकडा जुळला नाही की मला जेवण जात नाही, हे तुला ठाऊक होतं, आणि त्याचीच तू मजा घ्यायचास. घरात कोणी खोलीतून उठलं की मी मागोमाग जाऊन पंखा बंद करतो, म्हणून तू पाहुण्यांना सांगायचास, "आमचे भाऊजी पहिल्यापासून ऑटोमॅटिक आहेत. फक्त आवाज जास्त करतात."

त्या दुकानात तुझी यंत्रणा बसल्यावर पहिल्या वर्षाची बिलं घेऊन तू आलास. तीन मजले, गर्दी वाढली की बाहेरच्या ताज्या हवेची झडप उघडणार, गर्दी ओसरली की मिटणार. पंखा लागेल तेवढाच जोरात फिरणार. पहाटे बाहेर गारवा असतो तेव्हा तो आत ओढून भिंतींत मुरलेला कालचा उकाडा धुऊन काढणार. "तिसरा हिस्सा वाचला, भाऊजी. बघा." मी बघितलं. तू मागच्या वर्षीचा चित्रै महिना आणि या वर्षीचा ऐप्पसी शेजारी ठेवले होतेस. एकात ऊन डोकं फोडतं, दुसऱ्यात पाऊस पडतो.

"हे तू वाचवलं नाहीस," मी म्हणालो. "ढगांनी वाचवलं."

तू टंबलर एवढ्या जोरात आपटलास की कापी माझ्या वेष्टीवर उडाली. "अक्काला बघायला आलात तेव्हा फूटपट्टी घेऊन आला होतात का?"

"होती," सरोजा आतून म्हणाली. "पिशवीत होती. मी पाहिली."

मग मी तुला महिन्यासमोर तोच महिना ठेवायला लावला, आणि विजेच्या युनिटांसमोर दुकानात आलेली माणसं. तिसरा नव्हे, चौथा हिस्सा निघाला. तू म्हणालास, गर्दी वाढली तेही धरा, माणसं गार हवेला येतात. मी म्हणालो, ते सिद्ध कर. हा वाद तसाच राहिला. मी सगळं पुन्हा मांडून बघितलं, सीनू. चौथाच येतो. तू मेलास म्हणून तिसरा होत नाही. पण या गावात एवढ्या मोठ्या इमारतीचा चौथा हिस्सा दुसऱ्या कोणी वाचवलेला मला माहीत नाही, आणि हे मी तुझ्या तोंडावर एकदाही म्हणालो नाही.

आता त्या माणसाचं सांगतो. दुकानाच्या मालकाला सगळे मुदलाळी म्हणतात. त्याच्या बायकोचा भाऊ कण्णन दुकानात असतो. काम काय, ते कोणालाच सांगता येत नाही, पण सगळे त्याला मच्चान, म्हणजे मालकाचा मेव्हणा, म्हणून वाकतात. तू येण्याआधी दुकानातला गारवा त्याच्या मालकीचा होता. जिन्याच्या तोंडाशी उभा राहायचा. अंगावर सोनं असलेली मंडळी दिसली की ओरडायचा, "फुल!" आणि एक माणूस स्विचकडे पळत सुटायचा. वरच्या मजल्यावरच्या मुली कानाला टॉवेल बांधून साड्या दाखवायच्या. तुझी पेटी भिंतीवर आली आणि त्याचा हात रिकामा झाला. सवयीनं तो "फुल!" ओरडायचा आणि काहीच व्हायचं नाही. मुली साड्यांच्या घड्यांत तोंड लपवून हसायच्या. तू हसला नव्हतास. पण तुझ्यामुळे हसल्या, त्याला तेवढं पुरलं.

मग तो दिव्याचा प्रकार झाला. यंत्रणा तू आडी महिन्यात बसवलीस. आडीत आपल्याकडे शुभ काही करत नाहीत, म्हणून तळमजल्याचा मोठा खांब मोकळा होता. उष्णता मोजणारा सेन्सर तू त्याच्यावर लावलास. पुढचा आवणी महिना लागल्याबरोबर मुदलाळीनं त्याच खांबावर देवीची तसबीर टांगली, आणि सेन्सरच्या बरोबर खाली पितळी दिवा ठेवला, दिवसभर तेवणारा. सेन्सरला वाटू लागलं, मजला पेटलाय. यंत्र गार हवा ओतत सुटलं. मार्गळीच्या थंडीत दुकानातल्या मुली शहारत होत्या आणि बिल चढत होतं. तू बोर्ड खोलून बघितलेस, चेन्नईच्या विक्रेत्याला फोनवर शिव्या दिल्यास, आणि एका संध्याकाळी दमून त्या खांबाला टेकलास तेव्हा तुझी मान भाजली. मागं वळून बघितलंस. हसलास. आणि पेटता दिवा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलास.

गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात देवीपुढचा पेटता दिवा हलवलास. कण्णननं मागून येऊन कापड मोजायची लोखंडी पट्टी तुझ्या तोंडावर हाणली. तू काउंटरखाली पडलास तेव्हा आणखी दोघं आले आणि त्यांनी तुला लाथांनी तुडवलं. मुदलाळी तसबिरीसमोर हात जोडून देवीची माफी मागत होता. पाठ तुझ्याकडे होती.

तू थेट आमच्याकडे आलास. शर्ट छातीपर्यंत लाल, खालचा ओठ वांग्यासारखा सुजलेला, आणि हसत होतास. "सापडला बिघाड, भाऊजी. तेलाचा दिवा!"

मी काय बोललो? मी म्हणालो, "दिवा हलवायला नको होतास. सेन्सर हलवायचा."

"सेन्सर हलवायला खांब फोडावा लागतो. दिवा हातानं उचलता येतो."

"खांब फोडला असतास तर कोणी ओठ फोडला नसता."

"पोतुम! पुरे!" सरोजा हळद घेऊन आली. "एक शब्द बोलू नका दोघंही. याला दात आहेत का ते बघू दे आधी."

तू पुढच्या आठवड्यात परत त्याच दुकानात गेलास, सेन्सर काढून माघारी येणाऱ्या हवेच्या वाटेवर बसवलास, दिवा जागच्या जागी राहिला. मुदलाळीनं तुला ताटात पान, नारळ, वेष्टी देऊन मान दिला, आणि ते ताट कण्णनला धरायला लावलं. तू येऊन म्हणालास, "धरलं त्यानं ताट. संपलं." मी म्हणालो, त्या दुकानात पाऊल ठेवू नको. तू म्हणालास, "बिल उतरलंय, भाऊजी, आता कसा सोडू?" या एका वाक्यासाठी मी तुला आजही धरून झोडपू शकेन. त्याला चारचौघांत तुझ्यापुढे ताट धरून उभं केलं होतं. असा माणूस विसरतो होय?

आपलं मोठं भांडण वेगळंच होतं. मी म्हणायचो, यंत्र कितीही शहाणं असो, शेवटचा स्विच माणसाच्या हातात हवा. तू म्हणायचास, "माणसाच्या हातात दिला की तो सोळावर ठेवतो आणि वर शाल पांघरतो." मी म्हणायचो, जीव जायची वेळ आली तर? तू म्हणायचास, जीव जायची वेळ आली तर स्विच नाही, कुलूप हवं. आणि सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर काढायचास. जानव्याला तुझ्या लाल कुलपाची किल्ली बांधलेली असायची. पंख्याच्या खोलीत शिरण्याआधी बाहेरचा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा मोठा स्विच, खाली ओढायचा, त्याच्या दांड्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवायची. आत जो आहे, त्याच्याशिवाय कोणालाही वीज सोडता येऊ नये. सरोजा तुला चिडवायची, "आजोबा जानव्याला तिजोरीची किल्ली बांधायचे. हा पंख्याची बांधतो. घराणं कुठून कुठं आलं!"

इस्पितळातल्या लोकांनी तुझे कपडे दिले तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत कापलेलं जानवं होतं, आणि त्याला ती किल्ली.

काय झालं ते मला सेल्वीनं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर साड्या दाखवणारी सेल्वी. तुला ओढून बाहेर काढणारी तीच. मेडिकल कॉलेजच्या आवारात ती कोपरापर्यंत रक्तानं माखून उभी होती, हात अंगापासून लांब धरून. वैकासीची दुपार होती. लग्नसराई. मोठ्या पंख्याचा बेल्ट किंचाळत होता म्हणून तू तो बदलायला घेतलास. तू प्रत्येक काउंटरवर जाऊन सांगितलंस, थोडा वेळ उकडेल, कोणी काही करू नका. स्विच ओढलास, कुलूप लावलंस, सगळ्यांदेखत. पापनाशमची मंडळी आली होती, त्यांतल्या म्हातारीला घेरी आली. कण्णन ओरडला, "फुल!" काही झालं नाही. पुन्हा ओरडला. कोणीतरी हसलं. मग तो खाली गेला, शटर ओढायची लोखंडी सळई घेऊन वर आला आणि तुझं कुलूप ठोकायला लागला. सेल्वी म्हणाली, "मी ओरडले, अण्णा. आत सीनू सार आहेत म्हणून ओरडले. तो म्हणाला, आहे ना आत, मग चालवत का नाही?" कुलूप तुटलं. त्यानं दांडा वर केला.

आता मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, कारण तू असतास तर हेच पहिलं विचारलं असतंस. दांडा त्यानं वर केला. पुढचं तुझ्या यंत्रानं केलं. वीज आल्याबरोबर त्यानं बघितलं, मजला तापलाय, माणसं दाटलीत, आणि तू शिकवलं होतंस तसं त्यानं पंख्याला पूर्ण जोर दिला. तुझी बोटं नव्या बेल्टखाली होती, पुलीच्या कडेला. जाळी तू काढून ठेवलेली. बेल्टनं हात ओढला, हातानं तुला ओढलं, आणि लोखंडी चौकटीवर तुझं डोकं आपटलं. एकदा नाही. सेल्वीनं दांडा खाली ओढेपर्यंत पंखा तुला आपटत राहिला. मी कितीतरी वेळा डोळे मिटून त्या खोलीत जातो. विजेचा तो पहिला गुणगुणाट तुला ऐकू आला का? हात काढायला गेलास का? आणि दर वेळी मी कण्णनचा हात धरून त्या बेल्टखाली घालतो आणि दांडा मीच वर करतो. असा विचार करणारा मी माणूस नव्हतो, सीनू.

शेवटचा स्विच माणसाच्या हातात हवा, असं मी म्हणत होतो. माणसाच्या हातानंच तो वर गेला. तू जिंकलास म्हणायचं का? तुझ्या यंत्रानं हाणामारी केली नाही, चीड धरली नाही, म्हातारीला घेरी आली म्हणून कुलूप फोडलं नाही. पण आत माणूस आहे हेही त्याला दिसलं नाही. त्याचं उत्तर तुझ्याकडे असेल. मला ते भांडून काढून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्वी आमच्या दाराशी आली, आत न येता म्हणाली, "अण्णा, मी काही पाहिलेलं नाही." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. तिचं घर त्या पगारावर चालतं. तुटलेलं कुलूप तोवर नाहीसं झालं होतं. मुदलाळीला मेव्हण्यानं एवढंच सांगितलं होतं की पंखा आपोआप फिरला. मुदलाळीनं पेपरवाल्याला तेच सांगितलं, पेपरवाल्यानं गावाला. माझ्याकडे किल्ली होती. पण किल्ली एवढंच सांगते की तुझ्याकडे कुलूप होतं. त्या दुपारी ते दांड्यावर होतं, हे किल्लीवरून सिद्ध होत नाही. दुसऱ्या कोणी असला पुरावा आणला असता तर मीच तो परत पाठवला असता.

वडवार नदीच्या काठी तुला नेलं. तुझ्या चुलतभावानं अग्नी दिला. मुदलाळी आला होता, आणि त्याच्याबरोबर कण्णन, मनगटाएवढा जाड गुलाबांचा हार घेऊन. हार ठेवायला जागा उरली नव्हती, चिता पेटली होती. तो हार हातात घेऊनच उभा राहिला आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऑटोमॅटिक मेषीन. काय करणार? देवाला आता न्यायचं होतं, नेलं."

मी त्याच्या कानाखाली मारली. त्याला कळायच्या आत दुसरी मारली. हार खाली पडला. तो "सार, सार" म्हणत मागं सरला तेव्हा मी मूठ वळून तोंडावर मारली, आणि माझ्या बोटाला त्याचा दात लागल्याचं मला कळलं, आणि सीनू, बरं वाटलं. आयुष्यात मी कोणावर हात टाकला नव्हता. तिरडीचा एक बांबू उरला होता, तो उचलून मी त्याच्या खांद्यावर घातला. तो गुडघ्यावर आला, दोन्ही हात डोक्यावर धरले, आणि तमिळमध्ये किंचाळला, "नान पूट्ट उडैक्कल! पूट्ट नान उडैक्कल!"

कुलूप मी तोडलं नाही. कुलूप मी नाही तोडलं.

मी आणखी एक घातला. मग मला धरलं. आणि धरलेल्या हातांत मी उभा असताना हळूहळू सगळं शांत झालं, फक्त तुझ्या चितेचा आवाज. कारण कुलपाचं नाव कोणी काढलंच नव्हतं. मी काढलं नव्हतं. तुझ्या बायकोनं, इंदूनं, काढलं नव्हतं. मुदलाळी मेव्हण्याकडे वळला आणि म्हणाला, "कसलं कुलूप?"

कण्णन रक्त थुंकला.

त्याच संध्याकाळी माझ्यावर तक्रार दाखल झाली. तुझ्या मरणाची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती; माझ्या थपडेची लगेच झाली. पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर बाई होती, माझ्याच वयाची, दमलेली. बाकावर कण्णन, गालाला फडकं बांधून; शेजारी मुदलाळी आणि त्यांचा वकील. बाईनं मला बसवलं आणि चांगल्या शब्दांत सांगितलं. "सार, तुम्ही नोकरदार माणूस. कारखान्यात नाव आहे. हे तक्रार मागं घेतात. तुम्ही पंख्याबद्दल आणखी काही बोलू नका. अपघात होता. दोन्ही घरं शांत राहतील."

मी निघण्याआधी तुझ्या इंदूला विचारलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, तुझ्या चपला समोर ठेवून. म्हणाली, "भाऊजी, जो येतो तो मला सांगतो, देवानं नेलं. देवाचं नाव नको. ज्यानं नेलं त्याचं घ्या."

मी इन्स्पेक्टर बाईला म्हणालो, "तक्रारीत काय आहे?"

"दोनदा मारल्याचं आहे."

"चूक आहे. पाच. दोन थपडा, एक ठोसा, दोन बांबूचे. तसं लिहा."

बाईनं पेन खाली ठेवलं. वकील हसला. "सार, तुम्ही स्वतःच..."

"तो गुडघ्यावर आल्यावर लाथही उगारली होती," मी म्हणालो. "लागली नाही, धरलं मला. पण उगारली होती, तेही लिहा. आणि का मारलं तेही लिहा. त्याशिवाय मी सही करणार नाही. माझा मेहुणा श्रीनिवास राव यानं आयसोलेटरला कुलूप लावलं होतं. ते सळईनं तोडून, आत माणूस आहे हे माहीत असताना, या माणसानं वीज सोडली. म्हणून मारलं."

"कुलूप होतं हे कोणी सांगितलं तुम्हाला?" वकिलानं विचारलं. "नाव सांगा."

सेल्वीचं नाव माझ्या ओठांवर होतं. मी बाकाकडे बोट केलं. "यांनीच. पेटत्या चितेसमोर, विचारलेलं नसताना. तिथं उभा असलेला प्रत्येक माणूस सांगेल."

"मारल्यावर माणूस काहीही बोलतो," वकील म्हणाला.

"बोलतो," मी म्हणालो. "आई गं म्हणतो. सोडा म्हणतो. कुलूप मी तोडलं नाही, असं कोण म्हणतो?"

बाई मुदलाळीकडे वळली. "तुम्ही होतात तिथं. ऐकलंत?"

कण्णननं त्याच्या मनगटाला हात लावला. मला वाटलं, मुदलाळी परत हात जोडून पाठ फिरवणार. मग त्यानं मेव्हण्याचा हात बाजूला केला आणि म्हणाला, "ऐकलं."

बाईनं नवा कागद घेतला. मी सांगितलं, तिनं लिहिलं, सगळं, पाचही. सही करताना माझा उजवा हात इतका सुजला होता की अक्षर माझं वाटेना. माझ्यावर खटला उभा राहील, बहुतेक शिक्षाही होईल, कारखान्यात कळेल. राहू दे. त्या दुपारी तू काय केलं होतंस आणि कोणी काय केलं, ते आता सरकारी कागदावर आहे. मला मारल्याबद्दल विचारायचं असेल तर त्यांना तुझ्याबद्दल विचारावंच लागेल. उद्या मी बायपासवरच्या इस्पितळात जाणार आहे, मग मंडपमला. पॅनलवरची चादर काढायला सांगणार आहे. ऐकतील की नाही, माहीत नाही.

घरी आलो तेव्हा सरोजा दारात उभी होती. तुझ्या मरणापासून ती रडलेली नाही, सीनू. तिनं मला खाली बसवलं, मिठाचं कढत पाणी आणलं, माझा हात त्यात दाबून धरला आणि मग फडकं गुंडाळायला लागली.

"दुखतंय?"

"हो."

"दुखू दे," ती म्हणाली, आणि दातांनी गाठ ओढून आणखी घट्ट बांधली.